औरंगाबाद ते वडीगोद्री, पंखांवरून

औरंगाबाद वडीगोद्रीपासून किती लांब आहे, असं तुम्हाला कुणी विचारलं, तर तुम्ही काय सांगाल?

हा प्रश्न मी आमच्या ओट्यावर पुष्कळदा ऐकला आहे, आणि उत्तर मात्र प्रत्येक वेळी निराळं ऐकलं. आमचा गाडीवान कडूबा म्हणायचा, "बैलं तरणी असली तं दोन मुक्काम. म्हातारी असली तं देवाला ठावं." शाळेतले भालचंद्र मास्तर मैल सांगायचे, आणि जालन्यापर्यंत बैलगाडी, पुढं निजामाची रेल्वे, असा खुलासाही करायचे. घरातल्या मोठ्या दुर्गाबाई अंबडच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. त्या म्हणायच्या, "आपलं माणूस तिकडून परत येईस्तोवर जेवढं लांब वाटतं ना, तेवढं लांब."

मला कुणी विचारलं नाही. पण तेवढी वाट मी स्वतःच्या पंखांनी कापलेली आहे, म्हणून थोडं सांगावंसं वाटतं.

मी एक कबुतर बोलतोय. माझं नाव घुमऱ्या.

माझे आईबाप जालन्याचे. आमचे मालक रखमाजी कापूस घेऊन जालन्याच्या बाजाराला जायचे. तिथं एका मोहल्ल्यावर संध्याकाळी कबुतरांचा थवा गोल गोल फिरायचा आणि एका शिट्टीसरशी गच्चीवर उतरायचा. रखमाजी गाडी सोडून ते बघत उभे राहायचे. गच्चीवरच्या म्हाताऱ्या उस्तादांनी एकदा त्यांना वर बोलावलं, चहा पाजला आणि एक जोडी दिली.

"पाटील," ते म्हणाले, "इसको रस्ता मत सिखाओ. घर सिखाओ. रस्ता वो खुद ढूँढ लेंगा."

जोडी वडीगोद्रीला आली. रखमाजींनी महिनाभर पंख बांधून ठेवले, ज्वारी चारली, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, लाकडी खुराडं केलं. मग एके दिवशी पंख मोकळे केले. दोघं उडाले ते थेट जालन्याला! पुढच्या बाजाराला रखमाजी गेले तेव्हा उस्ताद हसत हसत टोपली पुढं करत म्हणाले, "बोला था ना, घर सिखाओ!" दुसऱ्यांदा रखमाजींनी घाई केली नाही. अंडी घातली गेली, पिलं झाली, आणि मगच त्यांनी पंख सोडले. त्या पिलांपैकी मी एक. माझा जन्म वडीगोद्रीच्या धाब्यावरचा, म्हणून माझं घर तेच.

माझं नाव ठेवलं ते तुळजाबाईंनी. त्या रखमाजींच्या पत्नी. मी जन्मलो त्याआधीच त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजवा डोळा पुरता गेला होता. डाव्यानं दार उघडं आहे की बंद, दिवा लागला आहे की नाही, एवढंच कळायचं. रोज सकाळी त्या जिन्याची एक एक पायरी पायानं चाचपत धाब्यावर यायच्या आणि ओंजळ पुढं करायच्या. आम्ही सगळे त्यांच्या हातावर, खांद्यावर बसायचो. कोण कुठं बसलं ते त्या वजनावरून ओळखायच्या. मी जरा जास्त घुमायचो, म्हणून घुमऱ्या.

मला माणसांची एक गंमत वाटायची. डोळे गेलेल्या माणसाशी बोलताना लोक आवाज चढवतात. गल्लीतल्या बायका तुळजाबाईंच्या कानाशी येऊन ओरडायच्या, "तुळजाबाईऽ, जेवण झालं काऽ?" आणि मग चार पावलांवर उभं राहून हळूच म्हणायच्या, "बिचारीचं कसं झालं पहा." ते हळूच बोललेलंही तुळजाबाईंना ऐकू जायचं. माझ्या पाठीवरून फिरणारा त्यांचा हात तेव्हा थोडा वेळ थांबायचा.

मी मोठा झालो तशी रखमाजींनी मला लांबून सोडायला सुरुवात केली. आधी शेतातून. मग कडूबा अंबडला जायचा तेव्हा टोपलीत घालून न्यायचा आणि वेशीबाहेर सोडायचा. मग जालन्याहून. पहिल्यांदा जालन्याहून सुटलो तेव्हा मी फार पुढं गेलो. खाली गोदावरीचं पाणी चमकायला लागलं तेव्हा कळलं की घर मागं राहिलं. परत फिरलो. त्यानंतर कधी चुकलो नाही.

पुढं रखमाजींचा मुलगा बद्रीनाथ कोर्टाच्या कामानं औरंगाबादला जायचा, तेव्हा मलाही न्यायचा. आणि मग ओट्यावर खरी गंमत सुरू झाली. मला औरंगाबादहून यायला किती वेळ लागतो, यावर वाद. भालचंद्र मास्तरांकडे खिशातलं घड्याळ होतं. मी धाब्यावर उतरलो की ते घड्याळ बघायचे आणि पाटीवर लिहायचे.

"आला कव्हा ते लिव्हलं, मास्तर," कडूबा म्हणायचा, "पण निघाला कव्हा?"

"ते बद्रीनाथ आल्यावर विचारू."

चार दिवसांनी बद्रीनाथ यायचा. "निघाला कव्हा? दिवस उगवल्यावर, न्याहारीच्या आधी."

"कुणाच्या न्याहारीच्या?" कडूबा विचारायचा, आणि ओटा हसायचा. मास्तर पाटी पुसायचे.

एकदा मास्तर म्हणाले, "आता विमानं निघाली आहेत. विमानाला ही वाट म्हणजे काहीच नाही. तुमच्या घुमऱ्याच्या आधी पोचेल."

रखमाजी पानाला चुना लावत होते. म्हणाले, "पोचंल की. पण त्याला कोणीतरी हाकावं लागतंय ना? ह्याला कोण हाकतं? हा आपल्या मनानं येऊन राह्यला."

मला ते ऐकून छाती फुगवावीशी वाटली. फुगवलीही.

पण दुर्गाबाईंना आम्ही आवडत नसू. त्या रखमाजींच्या थोरल्या बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. कष्टाळू, तोंडानं तिखट. त्यांना वाटायचं की तुळजाबाईंचे डोळे आमच्या पिसांनी गेले. "पाखरांची धूळ घरात आली अन् भावजयीचे डोळे गेले," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. खरं तर डोळे आधी गेले आणि आम्ही नंतर आलो. पण हे त्यांना कोण सांगणार?

आता ज्या गोष्टीसाठी मी बोलायला बसलो ती सांगतो.

एका दिवाळीनंतर बद्रीनाथ औरंगाबादहून खबर घेऊन आला. तिथल्या दवाखान्यात डोळ्यांचे एक मोठे डॉक्टर आले होते. मोतीबिंदू काढतात, लोकांना पुन्हा दिसतं. दुर्गाबाईंनी कानांवर हात ठेवले.

"डोळ्याला चाकू? नको गं माय! उजेड-अंधार कळतो तेवढा तरी राहू द्या तिला. तोबी गेला तं?"

ही भीती खोटी नव्हती. डाव्या डोळ्यात जो एक उजेडाचा चौकोन उरला होता, त्यावर तुळजाबाईंचा दिवस चालायचा. तोही गेला तर?

तुळजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला न्हाई जायचं. झालं ते बरं झालं."

रखमाजी त्यांच्यासमोर बसले. चारचौघांत ते पत्नीशी असं समोर बसून कधी बोलत नसत.

"बद्रीची माय, ऐक. नंदा पोटुशी हाय. तू नातवाचं तोंड पाहाशील का न्हाई?"

"अन् न्हाई दिसलं तं?"

"न्हाई दिसलं तं मी हाय. मी धाडून राह्यलो तुला. जे होईल ते माझ्यावर."

तुळजाबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "घुमऱ्याला संगं नेते. तिकडं ओळखीचं काहीतरी असू द्या."

असं माझं जाणं ठरलं. पण त्याला आणखी एक कारण होतं, ते तुळजाबाईंना कुणी सांगितलं नाही. रखमाजी थांबणार होते, कारण ज्वारी निसवून कणसं बाहेर पडली होती आणि राखण करायला दुसरं कुणी नव्हतं. पट्टी कधी सुटेल ते डॉक्टर आधी सांगू शकत नव्हते, आणि टपालाला फार दिवस लागत. म्हणून बापलेकांनी गोठ्यात उभं राहून ठरवलं, की पट्टी सुटली की घुमऱ्याला सोडायचं. घुमऱ्या आला की कडूबानं गाडी जुंपून जालन्याच्या ठेसनाला जायचं.

"अन् दिसलं का न्हाई, ते कसं कळावं, दादा?" बद्रीनाथनं विचारलं.

"दिसलं तं काही बांधू नको. मोकळा सोड. चांगल्या खबरीला खूण कशाला? अन् न्हाई दिसलं तं... पायाला काळा दोरा बांध. म्हणजे ती यायच्या आधी आमी मन घट्ट करून ठिवू. दुर्गाआक्काला सांगून ठिवतो, तिच्यासमोर कोणी रडू नये."

"मायला सांगू का हे?"

"बिलकुल न्हाई. चाकूखाली जाणाऱ्या बाईच्या कानावर काळा शब्द घालायचा का?"

गोठ्याच्या आढ्यावर बसून मी हे सगळं ऐकलं. मला ते शहाणपणाचं वाटलं. त्यांच्या घरात अशुभ कधी तोंडानं बोलत नसत. डब्यातलं मीठ संपलं तर "मीठ वाढलं" म्हणत, दिवा विझवायचा तर "दिवा मोठा करा" म्हणत. मग एवढी मोठी गोष्ट तुळजाबाईंच्या समोर कोण बोलणार?

औरंगाबादचे दिवस मी धर्मशाळेत टोपलीत काढले. बद्रीनाथ सकाळी दवाखान्यात जायचा, संध्याकाळी येऊन मला ज्वारी घालायचा आणि स्वतःशीच बोलायचा. "आज माय उताणी पडून हाय. मान हलवायची न्हाई. खोकायचं न्हाई. घुमऱ्या, तुझं बरं हाय रे." त्याचं जेवण अर्धं माझ्याच टोपलीत पडायचं. मी त्याचा आभारी आहे. घरापासून लांब असलं की कुणीतरी आपल्याशी बोलावं लागतं. ते त्यानं केलं.

मग एक दिवस तो धावतच आला, टोपली उचलली आणि दवाखान्याच्या ओसरीवर नेली. पट्टी सुटली होती.

तुळजाबाई घोंगडीवर बसल्या होत्या. नाकावर जाड भिंगांचा चष्मा. त्यामागं त्यांचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते, आणि ते डोळे हलत होते! खांबाकडे, अंगणातल्या नळाकडे, स्वतःच्या हातांकडे. हातांकडे त्या फार वेळ बघत राहिल्या.

"बद्री," त्या म्हणाल्या, "तुला मिशा कव्हा आल्या रे?"

बद्रीनाथ हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवून उपरण्यानं पुसलं. "माय, डॉक्टरसायबांनी औषध लिहून देल्लं. मी ते घेऊन येतो, गाडीचीबी चौकशी करतो. मंग आपण ह्याला सोडू."

तो गेला. तुळजाबाईंनी टोपलीचं झाकण काढलं, मला दोन्ही हातांत धरलं आणि चष्म्यासमोर आणलं.

एवढी वर्षं मी त्यांच्या खांद्यावर बसलो होतो. त्यांनी मला पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"अगं बया! तू एवढा पांढरा हायेस? अन् गळ्याला हे काय, मोराचं पिस लावल्यावानी?" त्यांनी मला उन्हात इकडून तिकडून फिरवलं. "मला वाटायचं तू मातकट असशील. घुमऱ्या! किती रे देखणा तू!"

आणि मग एकदम त्यांच्या कपाळावर आठी आली.

"माझीच दृष्ट लागंल तुला. इतक्या वर्षांची उपाशी नजर माझी."

त्यांनी घोंगडीच्या काठातून काळ्या लोकरीचा एक धागा उपसला. मांडीवर घासून त्याला पीळ दिला. माझ्या उजव्या पायाला त्याचे दोन वेढे घेतले आणि गाठ मारली. सवयीच्या हाताची, चपटी, पक्की गाठ.

मी फडफडलो, चोच मारली, घुमलो. मला बोलता येत नव्हतं. आपलं माणूस चुकतं आहे हे दिसतं आणि तोंड नसतं, ही गोष्ट फक्त पाखरांनाच कळेल.

"जायची घाई झाली का तुला? बरोबर हाय. ऊन चढायच्या आत गेलेलं बरं. ते तिकडं आभाळाकडं डोळे लावून बसले असतील." त्यांनी मला कपाळाला लावलं. "जा. सांग त्यांना, दिसून राह्यलं म्हणा."

आणि हात उघडले.

मी दवाखान्यावर किती घिरट्या घेतल्या ते मलाच माहीत. बद्रीनाथ रस्त्यावर दिसेल, मी त्याच्या खांद्यावर उतरेन, तो दोरा बघेल. पण खाली सगळ्यांच्या डोक्याला पागोटी आणि टोप्याच होत्या. आणि माझ्या आतली ओढ वडीगोद्रीकडे खेचत होती. उस्ताद खरं बोलले होते. मला घर शिकवलेलं होतं, थांबायचं शिकवलेलं नव्हतं.

एरवी ही वाट मला कधी लांब वाटली नाही. रुळांच्या कडेनं बदनापूर, दुधना नदीचं पात्र, जालन्याच्या कापसाच्या गिरण्यांची धुराडी, मग उजवीकडे वळून अंबडची टेकडी, आणि पुढं आमच्या अंगणातला कडुलिंब. सुटल्यापासून पोचेपर्यंत पोटातली ज्वारीही जिरायची नाही. पण त्या दिवशी मला वाटत होतं, ही वाट संपू नये. दुधनेकाठी मी उतरलो. एरवी मी मध्ये कधी उतरत नाही. खडकावर बसून दोरा चोचीनं ओढला. गाठ हलली नाही. लोकर ओली झाली आणि आणखीच आवळली. आभाळात एक ससाणा फिरत होता, म्हणून पुन्हा उडालो.

वडीगोद्रीला पोचलो तेव्हा मी धाब्यावर उतरलो नाही. अंगणातल्या लिंबावर बसलो आणि पाय पोटाखाली घेतला.

रखमाजी धाब्यावरच होते. "आला! आला! नंदा, घुमऱ्या आला!"

बद्रीनाथची पत्नी नंदाबाई अवघडलेल्या अंगानं अंगणात आली. दुर्गाबाई चुलीपुढून उठून आल्या. नंदाबाईनं पदरात ज्वारी घेतली, खुळखुळवली. "ये रे, ये. खाली ये." खुराड्यातून माझी जोडीदारीण हाक मारत होती. मी हललो नाही. पानांआड चोचीनं दोरा तोडत राहिलो. एक पदर तुटला, दुसरा तुटेना.

"मामाजी, हा पायाला काय करून राह्यला?" नंदाबाई म्हणाली.

रखमाजी खाली आले. लिंबाखाली उभे राहून त्यांनी वर पाहिलं. मग कडूबाला म्हणाले, "चढ."

कडूबानं मला हळूच धरून खाली आणलं. माझा पाय रखमाजींच्या तळहातावर ठेवला. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी दुर्गाबाई हलल्या नाहीत.

"गाडी जुंप, कडूबा," रखमाजी म्हणाले. "बैलांना पाणी पाज. अन् वाटेत तिला काही विचारू नको."

कडूबा गेला. दुर्गाबाईंचा आवाज फुटला. "म्या सांगितल्तं! डोळ्याला चाकू लावू नका म्हणून सांगितल्तं! अन् ही पाखरं आधी काढ घरातून, रखमा. कोणालाबी देऊन टाक. उद्याच!"

"पाखराचा काय गुन्हा, आक्का? त्यानं खबर बराबर आणली."

बराबर! त्यांनी दोरा कापला, मला खुराड्यात सोडलं, पुढं पाणी ठेवलं. आपल्या दुःखातही माझ्यापुढं पाणी ठेवायला ते विसरले नाहीत. हे मी अजून विसरलो नाही.

मग ते गोठ्यात गेले आणि नवी दोरी घेऊन आले. विहिरीचा नाडा वळायला ठेवलेली, अंबाडीची, लांबलचक. तिचं एक टोक त्यांनी दाराच्या कडीला बांधलं. कमरेच्या उंचीवर धरून अंगणातून नेली, तुळशीपाशी एक खुंटा ठोकला, तिथून विहिरीच्या खांबापर्यंत, तिथून गोठ्यापर्यंत. शेवटची गाठ मारली. मग डोळे घट्ट मिटले, दोरीवर हात ठेवला आणि चालू लागले.

तुळशीजवळ ते जात्याला अडखळले. डोळे उघडले, जातं बाजूला सरकवलं. पुन्हा दारापाशी आले, पुन्हा डोळे मिटले. विहिरीजवळ एक दगड वर आला होता तो उपटून टाकला. पुन्हा दारापाशी. नंदाबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती आणि पदर तोंडात धरून रडत होती.

दुर्गाबाईही बघत होत्या. थोड्या वेळानं त्या आत गेल्या आणि आपलं एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून त्याच्या चिंध्या घेऊन आल्या. जिथं जिथं गाठ होती तिथं त्यांनी चिंधी गुंडाळली.

"अंबाडी हाताला लागती," त्या म्हणाल्या. "गाठीवर कातडं सोलून निघंल तिचं."

त्या दिवशी मला कळलं की तिखट तोंडाच्या माणसांचे हात कसे असतात. दुर्गाबाईंवर मी पुन्हा कधी रागावलो नाही.

दुसरा दिवस तसाच गेला. शेजारच्या बायका आल्या, तर दुर्गाबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "तिच्यासमोर कोणी मोठ्यानं बोललं तं माझ्यासारखी वाईट कोणी न्हाई." भालचंद्र मास्तर आले, ओट्यावर बसले, खिशातून घड्याळ काढलं आणि न बघताच परत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी, गुरं घरी यायच्या वेळी, गाडी आली.

कडूबा पुढं बसला होता आणि त्यानं ओठ असे घट्ट मिटले होते की बघणाऱ्याला वाटावं, गडी रडू आवरतोय. तुळजाबाई मागं, तोंडावर पदर ओढून. बद्रीनाथ चालत होता. तोही गप्प. रखमाजी पुढं झाले. दोन दिवस मनाशी घोकलेलं बोलायला लागले.

"बद्रीची माय, हात दे. भिऊ नको. दारापासून विहिरीपातूर दोरी बांधली. धरून चालायचं. मी संगं हाय."

तुळजाबाईंनी हात दिला नाही. त्या आपल्या आपण गाडीतून उतरल्या आणि पदर मागं सारला. जाड भिंगांतून त्यांनी रखमाजींकडे पाहिलं. पांढऱ्या मिशांकडे, पडलेल्या दातांकडे, कपाळावरच्या घड्यांकडे.

"दोरी दिसून राह्यली मला," त्या म्हणाल्या. "पण तुमी इतके म्हातारे कव्हा झालात वो?"

रखमाजींचा हात तसाच पुढं राहिला. आणि मग कडूबाचे ओठ सुटले. "मालक! दिसतंय! सगळं दिसतंय! बोलू नको म्हणल्या मला, जालन्यापसून तोंड दाबून आलो! म्हणल्या, आधी मी पाहीन सगळ्यांना, मंग बोला!"

नंदाबाई धावली. दुर्गाबाई मटकन खाली बसल्या. "मंग काळा दोरा? घुमऱ्याच्या पायाला काळा दोरा कोणी बांधला?"

"म्या बांधला. दृष्ट लागू नये म्हणून."

बद्रीनाथनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! माय, दिसलं न्हाई तं काळा दोरा, असं ठरल्तं आमचं!"

तुळजाबाईंनी सगळ्यांकडे एक एक करून पाहिलं. मग दोरीकडे पाहिलं, गाठींवरच्या चिंध्यांकडे पाहिलं. दोन दिवस या घरात काय झालं ते त्यांना तिथंच कळलं.

"मंग मला सांगायचं न्हाई का?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण सगळे खाली बघायला लागले. "डोळे गेल्ते माझे. कान होते की जागेवर."

रखमाजी म्हणाले, "चुकलं."

त्यांनी एवढंच म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. तुळजाबाई हसल्या. पुढं होऊन त्यांनी दुर्गाबाईंना हाताला धरून उठवलं. "उठा वन्सं. कोणतं लुगडं फाडलं? ते हिरवं तं न्हाई ना?" तेव्हा कुठं दुर्गाबाई रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "हिरवंच."

मी खुराड्यातून घुमलो. तुळजाबाईंनी मान वर केली आणि आवाजावरून नाही, नजरेनं मला शोधलं.

आता मी म्हातारा झालो आहे. उजवा पंख पुरता उघडत नाही, आणि धाब्यावरून लिंबापर्यंत गेलो तरी दम लागतो. औरंगाबादहून येण्याचं काम आता माझी नातवंडं करतात. मास्तरांनी पाटी सोडून दिली आहे. नंदाबाईला मुलगी झाली, तिचं तोंड तुळजाबाईंनी पहिल्या दिवशी पाहिलं. आता ती मुलगी मला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारते. दुर्गाबाईही कधी कधी धाब्यावर येतात, "मेल्यांनो, धूळ किती करता," म्हणतात आणि मूठभर ज्वारी टाकून जातात.

माझं मागणं फार नाही. पाखराला कुठं पाठवाल तर जरूर पाठवा. त्याला उडायला आवडतं, आणि तुमच्या उपयोगी पडलो तर आमचा जन्म कारणी लागतो. फक्त जिच्यासाठी पाठवता, तिलाही एकदा सांगून ठेवा. बाकी या घरानं मला दाणा दिला, नाव दिलं आणि परत यावंसं वाटेल असं एक ठिकाण दिलं. एवढं ज्याला मिळालं त्यानं आणखी काय मागावं? तुम्हा सगळ्यांना माझा रामराम.

त्या दोरीचं काय झालं, ते मात्र सांगायला हवं. त्या संध्याकाळी रखमाजी ती सोडायला गेले होते, पण अंधार पडला होता आणि गाठी सुटेनात. राहू द्या, सकाळी पाहू, असं तुळजाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विहिरीवर गेल्या, आपलं लुगडं धुतलं, झटकलं, आणि त्या दोरीवर वाळत घातलं.